पांढरीचा स्वे बार

“...मग माझ्या हाताला काय कीड लागली होती, उस्ताद?”

उस्ताद बाबालाल मुलाणी काडेपेटीतल्या काडीनं नखांतलं ग्रीस काढत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“हात चांगला आहे तुझा,” ते म्हणाले.

“मग चावी तिला का?”

उस्तादांनी काडी टाकली. दुसरी घेतली.

“उस्ताद, मी काहीतरी विचारतोय.”

“ऐकतोय...”

विचारणारा होता धैर्यशील इंगवले. सडेघाटाच्या पायथ्याच्या या गॅरेजात तो मिसरूड फुटायच्या आधी आला होता. आधी पाने पुसले, मग चाकं खोलली, आणि आता इंजिन उघडून परत बांधायचं तर उस्ताद शेजारी उभेही राहत नसत. उस्तादांच्या मागे कोण, असं कुणी विचारलं की गाव त्याच्याकडे बोट दाखवायचं. त्यालाही ते ऐकायला आवडायचं.

आणि पांढरी म्हणजे उस्तादांची गाडी. जुनी, छोटीशी, दारांवरचा रंग कुठेकुठे उडालेली. जुन्या घाटातली वाहतूक नवीन रस्त्याकडे वळल्यापासून तालुक्याचा मोटार क्लब दरवर्षी तिथं शर्यत भरवायचा. एकेक गाडी घाट चढून परत खाली यायची, जिला कमी वेळ लागेल ती पहिली. उस्तादांचा गुडघा धड होता तोवर पांढरीच्या पुढे कुणाची गाडी गेली नव्हती. गुडघा गेला आणि उस्तादांनी पांढरीवर कापड टाकलं.

यंदा त्यांनी ते कापड काढलं. धैर्यशीलच्या पाठीवर लोकांनी आधीच थापा मारून घेतल्या.

आणि आज सकाळी, सगळ्यांच्या देखत, उस्तादांनी चावी कावेरी पाटणेच्या हातावर ठेवली.

कावेरी गेल्या दिवाळीच्या सुमाराला आलेली. बापाची नजर अधू झाल्यावर त्याचा दुधाचा टेम्पो तीच चालवू लागली होती. पहाटेच्या धुक्यात, भरलेल्या कॅनसकट, कोकणात उतरायची. टेम्पोच्या ब्रेकचं काम घेऊन एकदा गॅरेजात आली, नि काम शिकायचं म्हणून दुपारची येतच राहिली. धैर्यशीलला ती पहिल्या दिवसापासून ‘दादा’ म्हणायची. उस्तादांना उस्ताद.

चावीचं सोडा, धैर्यशीलला सलत होतं ते वेगळंच. एखादी गाडी फिरवून आणली की उस्ताद कावेरीला विचारायचे, “काय म्हणते गाडी?” आणि ती सांगत असताना डोळे मिटून ऐकायचे.

त्याला त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. त्याला ते सांगायचे.

तिच्याशी बोलताना त्यांचा चहा बशीत गार व्हायचा. धैर्यशील लांबून ती बशी बघायचा.

“धैर्या,” उस्ताद शेवटी म्हणाले. “कोइमतूरहून बार आलाय. पांढरीला बसव.”

“मी?”

“तुझ्याइतकं चोख कोण बसवेल?”

“बसवायचं मी... चालवायचं तिनं.”

“कावेरीला हाताखाली घे,” उस्ताद उठत म्हणाले. “एकट्यानं बसत नाही तो. एक टोक धरलं की दुसरं लोंबतं.”

* * *

स्वे बार म्हणजे दोन्ही टोकांना वाकवलेला पोलादी दांडा. मागच्या दोन चाकांना तो एकमेकांशी जोडतो. गाडी वळणावर एका अंगाला झुकू लागली की दांडा पिळला जातो आणि तिला झुकू देत नाही. पांढरीला कंपनीनं असा बार दिलाच नव्हता. वळणावर स्टिअरिंग फिरवलं तरी तिचं नाक हट्टानं सरळ जाऊ बघायचं. मागे बार बसला की नाक वळणार होतं.

दोघं गाडीखालच्या खड्ड्यात उतरली. धैर्यशीलनं बार धरून ठेवणाऱ्या रबरी बुशांना ग्रीस लावलं. कावेरीनं बार उचलून धरला. दोघांच्या डोक्यांवर पांढरीचं पोट.

“डावीकडे घ्या दादा. अजून... बसला.”

तिचा हात हलत नव्हता. तेही त्याला आवडलं नाही.

बारच्या प्रत्येक टोकाला दोन होल होती, एक आत, एक बाहेर. चाकाकडून येणारी छोटी जोडदांडी, म्हणजे लिंक, बाहेरच्या होलात जोडली की बार जरा नरम काम करतो. आतल्या होलात जोडली की कडक.

कावेरी लिंक हातात घेऊन थांबली.

“दादा, कुठल्या होलात? उस्ताद म्हणाले, होल दादा सांगतील.”

धैर्यशीलला उत्तर पाठ होतं. पांढरीची शेपूट हलकी, मागचे टायर जुने. बाहेरचं होल. आतल्या होलात जोडलं तर चढताना गाडी लोण्यासारखी वळेल, चालवणारा खूश होईल. पण उतारावरच्या वळणात मध्येच ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की शेपूट गिरकी घेईल. आणि घाबरला की प्रत्येक माणूस पाय उचलतोच.

त्यानं हातातलं ग्रीस पुसलं.

खड्ड्याच्या काठावर उस्तादांच्या चपला दिसत होत्या. मग त्या दिसेनाशा झाल्या.

एक गिरकी, त्याच्या मनात आलं. एकच. सरावाच्या वेळी, चार लोकांसमोर. कुणाला काही व्हायचं नाही. फक्त उस्तादांना दिसेल, चावी कुणाला दिली ते.

“आतल्या,” तो म्हणाला.

“मला बाहेरचं वाटलं होतं...” कावेरीनं लिंक आतल्या होलात सरकवली. “पण तुम्हाला जास्त कळतं.”

तिनं नट फिरवला. त्यानं आपल्या बाजूचा फिरवला.

मग गाडी खड्ड्यावरून सपाटीला घेतली, चारही चाकांवर तिचं वजन नीट येऊ दिलं, आणि धैर्यशीलनं खाली सरपटत जाऊन एकेक बोल्ट शेवटचा आवळला. वरची धूळ पुसली. बारवर फडकं फिरवलं. इतकं देखणं काम त्यानं आजवर केलं नव्हतं.

संध्याकाळी उस्ताद आले. त्यांनी काठी बाजूला ठेवली, दुखरा गुडघा लांब पसरून जमिनीवर बसले आणि चाकामागे हात घातला. बोटं बारवरून सरकत टोकाला गेली. बाहेरच्या, मोकळ्या होलापाशी थांबली.

“होल कुणी ठरवलं?”

“मी,” धैर्यशील म्हणाला.

उस्तादांनी बोट त्या होलात घातलं. बाहेर काढलं. सदऱ्याला पुसलं.

“बरं,” ते म्हणाले.

* * *

रविवारी सकाळी क्लबानं सरावासाठी घाट इतर वाहनांना बंद ठेवला होता. पायथ्याला दोन-चार गाड्या, पोह्यांचं पातेलं, ओळखीचे चेहरे. धैर्यशील दगडावर बसला. इथून घाटाची खालची दोन वळणं दिसत होती. त्यानं जागा बघूनच निवडली होती.

कावेरीनं पांढरी सुरू केली.

उस्ताद काठी टेकत टेकत आले, आणि चालत तिच्या शेजारच्या दारापाशी गेले.

धैर्यशील उठून उभा राहिला. गुडघा गेल्यापासून उस्ताद घाटात कुठल्याच गाडीत बसले नव्हते.

“उस्ताद... तुम्ही कुठं?”

“बघून येतो, तू काय केलंयस ते.”

“गुडघा दुखेल तुमचा. वळणं आहेत.”

“तो बसूनही दुखतो.” उस्तादांनी दार उघडलं. मग मागचं दारही उघडलं. “तू मागं बस.”

“मी? मागं वजन वाढेल. शेपूट...”

तो थांबला.

“शेपूट काय?” उस्तादांनी विचारलं.

“...काही नाही.”

उस्ताद दोन्ही दारं उघडी धरून उभे राहिले. घाई नाही, बोलावणं नाही. क्लबातल्या कुणीतरी हाक मारली, “धैर्यशील, इकडं वेळ मोजायला माणूस पाहिजे, येतोस का?”

किती सोपं होतं. हो म्हणायचं आणि तिकडं चालू लागायचं. त्याचा एक पाय तसा वळलाही.

त्यानं पांढरीकडे बघितलं. आरशात कावेरीचे डोळे दिसत होते. तिनं त्याला हसून मान हलवली... चला की दादा.

तो मागच्या सीटवर जाऊन बसला, उस्तादांच्या पाठीमागे. त्यानं दार ओढून घेतलं, तेव्हा उस्ताद पुढे बसले.

चढताना पांढरी अशी वळली की कावेरीला राहवेना.

“दादा, नाक बघा कसं आत येतंय! नुसतं मनात आणलं तरी वळतेय!” आणि दुसऱ्या वळणाला, “उस्ताद, हे दादांचं काम. मी शर्यतीला सगळ्यांना सांगणार.”

धैर्यशील खिडकीबाहेर बघत राहिला. तिनं त्याला नावं ठेवली असती तर बरं झालं असतं. खरं तर याही घडीला त्याला तिचा राग येत होता. एवढ्या सहज कौतुक करता येतं तिला, म्हणून.

माथ्यावर गाडी थांबली. कावेरीनं बाटली उघडून उस्तादांना पाणी दिलं. दरीतून वारा वर येत होता.

उस्ताद मागे न वळता म्हणाले, “धैर्या, उतरायच्या आधी काही सांगायचंय तिला?”

आत्ता. आत्ता सांगितलं तर गाडी इथंच उभी राहील. पण मग उस्ताद विचारतील, आधी का नाही बोललास? आणि ती ऐकेल.

“नाही,” तो म्हणाला.

उस्तादांनी बाटलीचं झाकण लावलं.

पांढरी उतरू लागली.

पहिली वळणं नीट गेली. कावेरीचा हात बसत चालला होता, वेग वाढत होता. धैर्यशीलला सीटखालचं मागचं चाक हलकं हलकं होताना कळत होतं. चालवणाऱ्याला ते इतक्या लवकर कळत नाही. उस्तादांचं पांढरं डोकं त्याच्यापुढे डुलत होतं. मानेवरच्या सुरकुत्या, टोपीची कड. याच माणसानं त्याला पहिल्यांदा पाना कसा धरायचा ते हातावर हात ठेवून दाखवलं होतं.

पुढे खिंडीचं वळण. डावीकडे डोंगर, उजवीकडे कठड्याचे दगड, त्यांच्या पलीकडे काही नाही.

कावेरी थोडी जोरात आत शिरली. वळणाच्या ऐन मध्यावर रस्त्यावर खडी सांडलेली दिसली. तिनं स्टिअरिंग आणखी आत ओढलं. शेपूट उजवीकडे, कठड्याकडे सरकू लागली. धैर्यशीलच्या बुडाखालचं चाक रस्त्यावरून उचललं गेलं आणि तिथं नुसती पोकळी राहिली.

त्यानं तिच्या उजव्या पायाकडे बघितलं. पाय उचलायला लागला होता.

“पाय उचलू नको!”

तो इतक्या मोठ्यानं कधीच ओरडला नव्हता.

“उचलू नको कावेरी! दाब... हळू दाब. स्टिअरिंग उजवीकडे सोड. तसंच... दाबून ठेव...”

उतारावर, गाडी दरीकडे घसरत असताना, ॲक्सिलरेटर दाब असं कुणी सांगितलं तर कुणीही ऐकणार नाही. तिनं ऐकलं. का म्हणून विचारलं नाही, बावरून मागे बघितलं नाही. दादा म्हणतायत ना, मग दाबायचं. तिनं पाय दाबला.

पांढरी थरथरली. कठड्याचा दगड मागच्या खिडकीजवळून, हात बाहेर काढला तर लागेल एवढ्यावरून गेला. मग उचललेलं चाक धप्पकन रस्त्यावर टेकलं आणि गाडी सरळ झाली.



पुढे रस्ता रुंद नि सपाट होता तिथं कावेरीनं गाडी उभी केली. इंजिन बंद केलं. तिचे हात स्टिअरिंगवरच होते.

“चुकलं माझं, उस्ताद,” ती म्हणाली. “जोरात आले. तुम्ही गाडीत असताना...”

“तिचं नाही चुकलं,” धैर्यशील म्हणाला.

उस्ताद समोर बघत होते.

“होल मी चुकीचं सांगितलं.”

“चुकून?” उस्तादांनी विचारलं.

वारा खिडकीतून आत आला. खाली कुठंतरी गुराच्या गळ्यातली घंटा वाजली...

“नाही.”

कावेरीनं सावकाश मागे वळून बघितलं. तिला आधी कळलंच नाही. मग कळलं.

ती दार उघडून उतरली आणि कठड्यापाशी जाऊन, पाठ करून उभी राहिली. धैर्यशीलही उतरला. तिच्याजवळ जायची त्याची हिंमत झाली नाही.

“खाली काय आहे बघितलंत?” तिनं विचारलं.

“...बघितलं.”

“माझा बा घरी बसलाय. त्याला दिसत नाही. गाडी आली की आवाजावरून ओळखतो, मीच आले म्हणून.”

धैर्यशील एक पाऊल पुढे आला, थांबला.

“काय वाकडं केलं होतं मी तुमचं?”

“काही नाही,” तो म्हणाला. “उस्ताद तुला विचारायचे... गाडी काय म्हणते म्हणून. मला नाही कधी विचारलं.”

एवढंच होतं ते. उघड्यावर, दरीसमोर बोलल्यावर ते इतकं लहान वाटलं की त्याला आपलीच शरम वाटली. तरीही ते खोटं नव्हतं.

कावेरी कठड्यापासून वळली. मग गाडीकडे गेली, डिकी उघडली आणि पान्यांची पिशवी रस्त्यावर टाकली.

“उजवीकडून तुम्ही खोला. डावीकडे मी धरते,” ती म्हणाली. “पण दोन्हीकडचे नट मी तपासणार.”

“तपास.”

“आणि दादा म्हणायचं का, ते मी मग ठरवीन.”

उस्ताद काठी टेकत जाऊन कठड्याच्या दगडावर बसले. मदत करायला आले नाहीत, काही सांगितलंही नाही.

दोघं दोन बाजूंनी गाडीखाली शिरली. पाठीला खडी टोचत होती. धैर्यशीलनं आपल्याकडची लिंक सोडवली, तिनं तिच्याकडची. बार मोकळा झाला आणि दोघांच्या हातांत आला. त्याच्या बाजूनं जरा वर झाला की तिच्या बाजूनंही वर व्हायचा, तेव्हा एकमेकांकडे बघितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

“बाहेरचं?” तिनं विचारलं.

“बाहेरचं.”

“खरं?”

“...खरं.”

लिंका बाहेरच्या होलांत बसल्या. नट आवळले गेले. कावेरी सरपटत त्याच्या बाजूला आली, त्याच्या हातातून पाना घेतला आणि त्यानं आवळलेला नट तपासला. पक्का होता. तिनं पाना परत दिला.

त्याला वाटलं होतं, कबूल केल्यावर आतली जळजळ निघून जाईल. ती गेली नव्हती. चावी तिच्याच खिशात होती, आणि ते त्याला अजून दिसत होतं. फक्त आता ते बघत असताना त्याला त्या कठड्यामागची पोकळीही दिसत होती.

कावेरी हात पुसत आपल्या जागेवर जाऊन बसली. इंजिन सुरू झालं.

धैर्यशील उस्तादांपाशी गेला. त्यांना उठायला हात दिला. उस्तादांनी तो घेतला.

“तुम्हाला माहीत होतं,” तो म्हणाला. “त्या दिवशी होलात बोट घातलंत, तेव्हाच.”

“हो.”

“तिला का नाही सांगितलंत?”

“तुझं काम होतं ते.”

“आणि मी नसतो बोललो तर?”

उस्ताद चालत राहिले. गाडीपाशी आले. त्यांनी पुढचं दार धैर्यशीलसाठी उघडलं आणि स्वतः मागच्या सीटवर शिरले. दुखरा गुडघा दोन्ही हातांनी उचलून आत घेतला.

धैर्यशील बसला नाही. दार धरून उभा राहिला.

“उस्ताद, शेपूट फिरणार हे तुम्हाला ठाऊक होतं. तुमचाही जीव गेला असता. मग गाडीत बसलात कशाला?”

उस्तादांनी सीटवर पाठ टेकली. डोळे मिटले.

“तू बसलास म्हणून.”